चहा संपेपर्यंत

सांगितलेल्या कामापेक्षा तसूभरही जास्त काम न करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो मेव्हणा म्हणून माझ्या वाट्याला आला. कामचुकार मी पुष्कळ बघितले. माझी हयात फौंड्रीत गेली, तिथं संडासात विडी ओढत शिफ्ट काढणारे एकेक मोहरे होते. पण कामचुकार वेगळा आणि आमचा पावणा वेगळा. कामचुकार नेमून दिलेल्यातलं निम्मं खातो. आमचा पावणा नेमून दिलेलं पुरं करतो आणि पुरं झालं की तिथंच थांबतो. पुढं आभाळ पडू दे. आभाळ धरायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. माहेर कोडोलीचं. नोकरी पाणी खात्यात, चावीवाल्याची. ज्यांच्या घरी दिवसभर नळ चालू असतो त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गल्लीत सकाळी ठरल्या वेळी पाणी येतं, पण ते आपोआप येत नाही. रस्त्यात एक लोखंडी झाकण असतं, त्याच्याखाली व्हॉल्व्ह, आणि माणसाएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत घालून तो फिरवायचा. सुलटा फिरवला की गल्लीला पाणी, उलटा फिरवला की बंद. झालं. एवढ्या कामावर या माणसानं सगळी नोकरी काढली आणि तीसुद्धा अशा रुबाबात, की फायनल मारून आलेल्या पैलवानाच्या खांद्यावर गदा असावी तशी ती चावी खांद्यावर. अंगानं मात्र पैलवानाचा पाव हिस्सासुद्धा नाही. लांबून बघितलं तर एक चावी दुसरी चावी घेऊन चालली आहे असं वाटायचं. रोज ते वजन वागवून त्याचा उजवा खांदा खाली गेलेला. शर्टसुद्धा त्याला एका बाजूला आखूड आणि एका बाजूला लांब दिसायचा.

पाणी बंद करायच्या वेळेला आमची गल्ली म्हणजे नुसता कालवा, आरडाओरडा. कुणाची घागर अर्धी, कुणाच्या अंगाला साबण, कुणी नुकतीच पाइप लावून गाडी धुवायला घेतलेली. याला काही नाही. वेळ झाली की झाकण उघडायचा, चावी घालायचा आणि फिरवायचा. एकदा माझी बायको दारातनं ओरडली, "आरं, जरा थांब की. बादली अर्धीच भरलीया."

हा तिथनंच म्हणाला, "आक्का, बादली मोठी घेतलीयास."

"सख्ख्या भनीला पाणी दीना झालाय, बघा ह्यो," ती गल्लीला सांगायला लागली.

"भनीला येगळा व्हॉल्व्ह न्हाय," म्हणाला आणि चावी खांद्यावर टाकून गेला. संध्याकाळी तोच माणूस आमच्याकडं तिच्या हातची भाकरी खायला हजर. दोन मागितल्या, दोन खाल्ल्या. तिसरी तिनं आग्रहानं वाढली तर म्हणाला, "ही मागितलीच न्हाय." ती तिसरी भाकरी दरवेळी मला खावी लागायची.

लहानपणापासून असाच. कोल्हापुरात आला तेव्हा उंची बघून तालमीच्या पोरांनी त्याला फुटबॉलला गोलकीपर केला. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पेठापेठांत सोयरीक जुळेल पण मॅचच्या दिवशी बोलणं बंद. तर अशा एका मॅचला समोरच्या गड्यानं बॉल मारला आणि यानं तो छातीवर असा अडवला, की सगळं मैदान उठून उभं राहिलं. बॉल याच्या पायापुढं पडला. हा बॉलकडं बघतोय, बॉल याच्याकडं बघतोय. तेवढ्यात दुसरा गडी निवांत चालत आला आणि त्यानं तोच बॉल याच्या शेजारनं आत ढकलला. कॅप्टननं गचांडी धरली. "आरं ए, अडवल्यावर बॉल धरायचा आसतोय." हा म्हणाला, "अडवायचा म्हणलातासा. धरायचं म्हणून आधी बोलायचं." त्या रात्री तालमीत जेवण होतं, ते याला कुणी वाढलं नाही. यानंही ते मागितलं नाही.

माझ्या पोरीच्या लग्नात मी एक चूक केली. याला काम दिलं. मांडवाच्या दारात उभं राहायचं आणि आत येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडायचं, एवढं सोपं. मी म्हटलं, यात काय बिघडणार. त्यानं सगळ्यांवर शिंपडलं. वऱ्हाडावर शिंपडलं, ठीक. बँडवाल्यांवर शिंपडलं, तेही ठीक. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आलेल्यावर, वायरमनवर, चप्पल चुकली म्हणून परत आलेल्यावर, आत घुसलेल्या कुत्र्यावर, सगळ्यांवर. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते तंबाखूवाले. ते घडीघडीला बाहेर जायचे थुंकायला आणि आत यायचे. जितक्या वेळा आत आले तितक्या वेळा यानं त्यांना भिजवलं. अक्षता पडायच्या टायमाला तो माणूस रंकाळ्यात बुडी मारून आल्यासारखा निथळत उभा आणि वास असा, की भटजीला शिंका. आणि हा शिंपडत असताना हातभरावर भाताचं पातेलं करपत होतं. आचारी पलीकडनं बोंबलतोय, "आवो, जरा गॅस बारीक करा की." हा वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "भात माझ्याकडं न्हाय."

हे त्याचं कायमचं उत्तर. माझ्याकडं न्हाय. जगात जेवढ्या भानगडी आहेत त्यातल्या बहुतेक त्याच्याकडं नव्हत्या, म्हणून त्याची झोप चांगली होती.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून बायकोनं नृसिंहवाडीला नारळ बोलला होता. तिचे गुडघे धरलेले, म्हणून तिनं याला पाठवलं. हा गेला, नारळ दिला, परत आला. बायकोनं हात पुढं केला, "परसाद?"

"मागितला न्हाय."

"आरं, दर्शन तरी घेतलंस का?"

"नारळ देताना देव दिसला की. मुद्दाम न्हाय बघितलं."

"आनी पाया?"

"आक्का, नारळ द्यायला धाडलंतंस. पाया पडायचं बोलली आसतीस तर पडलो आसतो."

बायकोनं कपाळ बडवून घेतलं, आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसत बसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं. तेही दूध यानं बघितलं होतं. तेही त्याच्याकडं नव्हतं.

मी याच्या नेमका उलट. मालकानं एक साचा भरायला सांगितला तर मी दोन भरणार, भट्टीवाल्याला चार शिव्या देणार आणि जाता जाता गेटाला तेल घालून येणार. फौंड्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेली तेव्हा मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा एसटी पकडून जायचो, साच्याची वाळू नीट भिजवली आहे का बघायला. हा दारात बसून विचारायचा, "दाजी, वाळूनं बोलावलंतं व्हय?" माझा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचो, "पावणं, माणसानं कामात जीव ओतावा लागतोय." तर हा म्हणाला, त्यांच्या खात्यातसुद्धा पुण्याचा कोण टायवाला येऊन हेच बोलून गेला. कामात जीव ओता म्हणाला. मी विचारलं, "मग तुमी काय म्हणालासा?" "मी म्हणालो, सायेब, नळाला पाणी सोडतोय तवर बरं हाय. जीव सोडला तर लोक पिणार काय?" टायवालाच जास्त हसला म्हणे.

आमची अशी जुंपली की बायको भावाची बाजू घ्यायची. "त्यो सांगितल्यापेक्षा जास्त करत न्हाय, खरं हाय. पर सांगितलेलं इसरत न्हाय. तुमास्नी मीठ आणायला धाडलं तर तुमी कुणाचा तरी पंप दुरुस्त करून येताय, आनी मीठ ऱ्हातंय." एकदा असं झालं होतं. दोनदा झालं होतं.

महापुरातलं सांगतो. पंचगंगा पात्र सोडून आमच्या गल्लीत आली. खालच्या मजल्यात पाणी, आम्ही सगळे वर. तिकडं पंप बुडालेले, त्यामुळं सगळ्या गावाचे नळ कोरडे. खाली जिकडं तिकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही. सकाळी बघतो तर त्या गढूळ पाण्यातनं खांद्यावर चावी घेऊन हा येतोय. छातीपर्यंत पाणी. पायानं चाचपडत झाकण शोधलं, बुडी मारून ते बाजूला केलं, चावी घातली, व्हॉल्व्ह फिरवला आणि चावीला धरून उभा राहिला.

मी गॅलरीतनं ओरडलो, "पावणं, नदी गल्लीत आलीया आनी तुमी नळ सोडायला आलासा?"

"नदी माझ्याकडं न्हाय," खालनं आवाज आला. "वेळ झालीया. सोडू नगंस म्हणून कुणी सांगितलेलं न्हाय."

ठरलेली वेळ होईपर्यंत तो त्या पाण्यात उभा. एक थेंब आला नाही. वेळ झाली, त्यानं न आलेलं पाणी बंद केलं आणि गेला. बायको गॅलरीचा कठडा धरून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. म्हणाली, "ह्येला कुणी ऱ्हा म्हणालं तर ह्यो ऱ्हाणार बघा. समदी गेली तरी ऱ्हाणार." मी म्हटलं, खुळी आहात दोघं.

बायको गेल्या दिवाळीआधी गेली. दवाखान्यात होती. बाकीचं लिहीत नाही, ते माझं आहे.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. जो तो जाताना म्हणायचा, काय लागलं तर हाक मारा. मी हाका मारणाऱ्यातला नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून म्हणत असावेत. शेवटी पोरगी तेवढी राहिली. ती पुण्याला असते. म्हणाली, "बाबा, घर झाका आनी माझ्याकडं चला." मी म्हटलं, येत नाही. या घरात मोरीपाशी तिचा पाट आहे, तुळशीपाशी तिनं धुतलेला तांब्या तिनं ठेवला तसाच पालथा आहे. पुण्यात माझी पोरगी आहे, नात आहे, लिफ्ट आहे. पण पुण्यात बायको कुठंच नाही.

पोरगी जायच्या आदल्या सकाळी, पाणी बंद करून झाल्यावर, पावणा दारात आला. चावी भिंतीला टेकवली आणि आत येऊन बसला.

"चहा करा," म्हणाला.

मी पातेलं चढवलं. म्हटलं, "तुमी कधीपास्नं चहा मागाय लागलासा?"

"मला नसला तरी चालतोय. तुमी प्यायचा, मी बसायचं."

"ही कुणी सांगितलं?"

"आक्कानं. दवाखान्यात. तुझ्या दाजीचा सकाळचा चहा संपेपातूर बसत जा म्हणाली. त्यास्नी एकट्यानं प्यायची सवय न्हाय."

मी पातेल्यात साखर टाकली. मग विचारलं, "आनी काय म्हणाली?"

"एवढंच."

मी चहा प्यालो. कप खाली ठेवला, तसा हा उठला आणि गेला. पोरगी हे बघत होती. तिनं तिथल्या तिथं निकाल दिला, की मामा रोज येतोय तोवर बाबांनी इथं राहायचं. मामा यायचा थांबला की ती गाडी घेऊन येणार आणि मग मी एक शब्द बोलायचा नाही. मी मान डोलावली. माझं घर आता मेव्हण्याच्या येण्यावर होतं, आणि मेव्हण्याचं येणं माझ्या कपावर.

हळूहळू मला त्यातली मेख कळली. चहा चालू आहे तोवर हा बोलायचा, आणि बोलायचा ते तिचं. लग्नाआधीचं. माझ्याकडं तिचा सगळा संसार होता, पण त्याच्या आधीची ती माझ्याकडं नव्हती. झाडावर चढलेली, मास्तरला उलटं बोललेली, बापाच्या सायकलवर नळीखालनं पाय घालून अख्खं कोडोली फिरलेली ती फक्त या माणसाकडं शिल्लक होती. आणि हा बाबा अर्ध्या वाक्यात उठायचा. "मग आक्कानं इळा घेतला आनी..." इथं माझा कप रिकामा झाला की हा चपलेत पाय घालायला लागला. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या, "...आनी ऊस तोडला." मध्ये एक दिवस गेलेला असायचा, पण वाक्य त्याच जागी उभं.

मग मी डोकं चालवलं. मोठा कप आणला, पोरांना दूध देतात तसला. त्यानं बादलीकडं बघावं तसं त्या कपाकडं बघितलं. मग मी एक घोट ठेवायला शिकलो. हा वाकून कपात बघायचा, घोट दिसला की परत टेकायचा. चहा गार व्हायचा, वर साय यायची, मी फक्त ओठ लावायचो. "दाजी, गार झाला." "मला गारच लागतोय." एकदा त्या घोटात माशी पडली. आता आली का पंचाईत. हा कपात बघून विचारात पडला. "माशी पडलेला तुमी पिणार न्हाय. म्हंजे संपला?" मी म्हटलं, "कपात दिसतोय की." "दिसतोय खरं." त्या दिवशी पार दुपारपर्यंत तो बसला. शेजारीण येऊन बघून गेली, तिला विचारलं, हा चहा संपला का, तर तिलाही सांगता येईना. मधल्या वेळात मला बायकोच्या अख्ख्या चौथीच्या वर्गाची माहिती मिळाली. शेवटी त्यालाच भूक लागली तेव्हा तो म्हणाला, "दुसरा करा, पटदिशी प्या आनी सोडवा मला." इतका चांगला दिवस मला ती गेल्यापासून मिळाला नव्हता.

आणि अशात तो रिटायर व्हायला आला. तारीख जवळ आली तसा तो गल्लीभर सांगत सुटला, "आजवर सांगितलेलंच केलं. आता रिटायर झालो की सांगितलेलं कायबी करणार न्हाय. कोण काय सांगितलं की न्हाय म्हणायचं, असं ठरीवलंय." गल्ली हसली. मी हसलो नाही. माझा चहासुद्धा सांगितलेल्यातलाच होता. बरं, त्याला म्हणावं, पावणं येत जावा, तर तेही सांगितलंच झालं, आणि तो नाही म्हणणार. न बोलावं तर येणार की नाही ते कळत नाही. जन्मात पहिल्यांदा मी तोंड दाबून बसलो. तोंडात शब्द येऊन फिरून जायचे. पोरीला फोनवर कुणीतरी हे सांगितलं, बहुतेक शेजारणीनं. पोरगी म्हणाली, "मग मी रिटायरमेंटच्या दिवशी येते. दुसऱ्या सकाळी मामा आला न्हाय तर आपण निघायचं." मी बरं म्हटलं.

शेवटच्या सकाळी बायका रस्त्यावर आल्या. "आज तरी घटकाभर जास्त सोडा की, शेवटचा दिस हाय." वेळ झाली, त्यानं बंद केलं. मग आमच्याकडं येऊन बसला आणि मला गुऱ्हाळाची गोष्ट सांगायला लागला. बायको लहान असताना आज्ज्याचा डोक्याला बांधायचा नवाकोरा पटका घेऊन गुऱ्हाळात पळाली होती. पटका कशाला, तर ते पुढं कळणार होतं. "पटका काखंत मारून आक्का काहिलीजवळ गेली," म्हणाला, "आत गूळ रटरटतोय, आनी..." काळजीत होतो, कसा कोण जाणे, मी घोट ठेवायचा विसरलो. कप रिकामा. हा उठला.

दुपारी खात्यात निरोपसमारंभ. शाल, श्रीफळ, फुलांचा हार. मीही गेलो होतो. साहेब चांगलं बोलले. मग याला बोलायला उभं केलं. हा माईकजवळ गेला, म्हणाला, "दोन शब्द बोला म्हणालाय. बोललो," आणि बसला. हॉल हसून फुटला. त्याच्या जागी आलेल्या नव्या पोरानं त्याच्याकडनं चावी घेतली. खांदा मोकळा झाला तरी तसाच खाली होता. घरी जाताना मला तो पाठमोरा दिसला, एका बाजूला कललेला, उगाचच हवेला टेकू दिल्यासारखा.

दुसऱ्या सकाळी पोरीनं माझी बॅग भरून दारात ठेवली होती. गल्लीला पाणी आलं, पण बंद व्हायची वेळ होऊन गेली तरी बंद होईना. नव्या पोरानं पाणी सोडून झाकण लावलं आणि आता त्याला ते परत सापडत नव्हतं म्हणे. बादल्या भरल्या, पिंपं भरली, गटारातनं पाणी धावायला लागलं, बायका खूश. मी दोन कप चहा केला. एरवी एकच करायचो. पावण्याची यायची वेळ झाली. टळली. पोरगी घड्याळ बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मी उठून मोरीपाशी गेलो, पाट उभा करून ठेवला, परत आडवा केला. तुळशीपाशी तो पालथा तांब्या होता, त्याला हात लावला नाही. पोरगी म्हणाली, "बाबा." मी म्हटलं, "व्हय."

आणि दारात चप्पल वाजली. हा आला. हातात काही नाही, म्हणून हाताचं काय करायचं ते कळत नव्हतं त्याला. भिंतीला चावी टेकवायला वळला, चावी नव्हती, तसाच आत आला.

"उठायला येळ झाला," म्हणाला. "उठवायला कुणी न्हवतं. कामाला जायचं न्हवतं."

बसला. मी त्याच्यापुढं कप सरकवला आणि माझा उचलला, आणि काय झालं मला माहीत नाही, आनंदाच्या भरात कढत चहा एका दमात घशाखाली घातला. जीभ भाजली. कप तळापर्यंत रिकामा. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी कपाकडं बघत होतो. इतके दिवस सायीखाली लपवून ठेवलेला तो एक घोट, आणि आज नेमका तोही प्यालो.

पावण्यानं वाकून माझ्या कपात बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग स्वतःचा कप उचलला. तो त्यानं तोंडाला लावला नव्हता. निम्मा माझ्या कपात ओतला, शांतपणे, गल्लीला पाणी सोडावं तसा.

"संपला न्हाय की अजून," म्हणाला.

"पावणं, ही कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाय."

पोरगी उठली, बॅग उचलून आत घेऊन गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर नव्या पोराला एकदाचं झाकण सापडलं असावं, नळाची धार बारीक होत होत थांबली. पावण्यानं खाली गेलेला तो खांदा भिंतीला टेकवला.

"तर काय म्हणत हुतो," तो म्हणाला, "आक्का पटका घेऊन काहिलीजवळ गेली..."

मी कपाला फक्त ओठ लावले.